टेनेसीच्या खडकाळ माळावरचे जांभळे फूल कोणते?

प्रश्न
नॅशव्हिलच्या आग्नेयेला, चुनखडीच्या कातळावर जेमतेम माती असलेल्या एका राखीव माळावर जूनच्या मध्यास हे फूल दिसले. दांडा लवदार असून पाने अरुंद, लांबट, अखंड कडांची आणि बहुतेक बुडाशीच आहेत. मधला बोंडासारखा भाग काटेरी आहे. भोवतीच्या गुलाबी-जांभळ्या पाकळ्या आडव्या पसरून टोकांशी किंचित वर वळल्या आहेत. बागेत लावतात तो एकिनेशिया हाच, की एखादी स्थानिक दुर्मीळ जाती?

प्रतिसाद १
आपण पानांचीही नोंद केलीत, हे फार चांगले झाले. बागेतील एकिनेशिया परप्युरियाची पाने रुंद व दातेरी असतात, त्यामुळे ती जाती बाद होते. एकिनेशिया सिम्युलाटा ही अरुंद पानांची जाती अधिक फसवी आहे, परंतु तिच्या पाकळ्या स्पष्टपणे खाली लोंबतात. आपले वर्णन एकिनेशिया टेनेसेन्सिसशी जुळते. नुकत्याच उमललेल्या फुलाच्या पाकळ्या इतर जातींतही आडव्या असू शकतात, म्हणून पूर्ण उमललेली काही फुले अवश्य पाहावीत.

प्रतिसाद २
ही जाती निसर्गतः केवळ मध्य टेनेसीतील डेव्हिडसन, विल्सन आणि रदरफर्ड या तीन काउंटींत आढळते. कोकणातल्या सड्याप्रमाणे तिथला कातळही एका ऋतूत पाण्याने निथळतो आणि दुसऱ्या ऋतूत भाजून निघतो. फरक इतकाच, की तिथे ओल हिवाळ्यात व वसंतात असते. खोल सोटमुळामुळे ही वनस्पती उन्हाळा काढते, पण दाट सावली तिला सोसत नाही. एके काळी नामशेष मानलेली ही जाती १९६० च्या दशकात पुन्हा सापडली. १९७९ मध्ये तिला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले आणि घरबांधणीखाली जाणारे माळ राखले गेल्यामुळे २०११ मध्ये तिचे नाव त्या यादीतून काढता आले. इतक्या लहान प्रदेशातल्या वनस्पतीसाठी हे यश मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी सुचवतो. रोपवाटिकांत 'रॉकी टॉप' नावाचा संकर मिळतो आणि त्याच्याही पाकळ्या वर वळलेल्या असतात. त्यामुळे रस्त्याकडेला किंवा वस्तीजवळ असे फूल दिसले, तर केवळ पाकळ्यांवरून निर्णय करू नये. आपले झाड राखीव माळावर असल्याने ते मूळचे असण्याची शक्यता अधिक आहे. छायाचित्रात पानाची कड, दांड्यावरील लव आणि फुलाची बाजू स्पष्ट घ्यावी. फूल किंवा बी तोडू नये, आणि नेमकी जागा येथे न लिहिता राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापकांना कळवावी.