गॅरेननबद्दल थोडी भर
स्कॉटलंडच्या लुईस बेटावर कॅलनिशचे प्राचीन उभे दगड पाहिल्यावर गॅरेननची वाडी पाहण्यात अर्थ आहे का, असं वर विचारलंय. आहे, आणि माझ्या मते दगडांपेक्षा इथेच जास्त वेळ ठेवा. ही गवताने शाकारलेली, बुटकी 'काळी घरं'. भिंती दुहेरी, चुन्याशिवाय नुसत्या रचलेल्या दगडांच्या, मध्ये माती ठासलेली. छपरावरून दोर टाकून टोकांना धोंडे टांगलेत, नाहीतर अटलांटिकचा वारा छप्पर केव्हाच घेऊन जाईल. पूर्वी अशा घरांत माणसं नि गुरं एकाच छपराखाली राहत. मधोमध पीटचा (दलदलीतून खणून वाळवलेल्या, जळणासारख्या वापरायच्या मातीचा) विस्तव, धुराडं नाही. शेवटचे रहिवासी १९७४ साली बाहेर पडले, म्हणजे मुंबईत दूरदर्शन सुरू झाल्यावर! आता यातल्या काही घरांत मुक्कामही करता येतो. हॅरिस ट्वीड या इथल्या लोकरी कापडाचा पायाने चालवायचा माग जरूर पाहा, खडखडाट जबरदस्त असतो.

रविवार मात्र टाळा, इथे तो धार्मिक विश्रांतीचा दिवस. बस नसते, बहुतेक दुकानं बंद. रविवारची बोटसुद्धा २००९ साली सुरू झाली, तीही बरीच वादावादी होऊन. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या अलापूलहून लुईसवरच्या स्टॉर्नोवेला बोटीने अडीच-पावणेतीन तास लागतात. उन्हाळ्यात गाडी न्यायची असेल तर आरक्षण आधीच करून टाका.