"जुने ट्रक भंगारात घाला" म्हणणाऱ्यांना दोन गाड्यांच्या मालकाचं उत्तर

एमएच-१३ बाराटायरी

काल इथं एकानं लिहिलं, "सोलापुरातले धूर ओकणारे जुने ट्रक सरळ भंगारात घाला. मालक रडतील चार दिवस, मग घेतील बीएस-६." (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी निकष, आकडा जेवढा मोठा तेवढा धूर कमी.) खाली कितीतरी जणांनी अंगठे दिलेत. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लांबलचक लिहितोय. वाचायचं तर पूर्ण वाचा.

माझ्या दोन गाड्या. एक २०१४ची दहा टायरी, बीएस-३. दुसरी २०२१ची बारा टायरी, बीएस-६, तिचे अजून अकरा हप्ते आहेत. जुनीचे हप्ते कधीच फिटले. जुनी कमावते आणि नवी खाते, अशी घरातली परिस्थिती आहे.

मागच्या जानेवारीत मार्केट यार्डातून कांदा भरून नवी गाडी बेंगळुरूला लावली. होस्पेटच्या अलीकडं डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडीनं दम सोडला. चढाला वीसच्या वर जाईना. ड्रायव्हरचा फोन, "मालक, इंजिन चांगलंय, पण गाडी पळंना." वर्कशॉपला दोन दिवस उभी. नॉक्स, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे वायू, मोजणारा सेन्सर बदलला, फिल्टर साफ केला, बिल ५८ हजार. ताडपत्रीखाली कांदा घामेजला, व्यापाऱ्यानं भाड्यातून कापून घेतलं ते वेगळंच. जुन्या गाडीचं काही बिघडलं तर रस्त्यावरचा मिस्त्री तासाभरात काढून देतो. हिला लॅपटॉप लागतो.

आणि जुनी ठेवावी तर? आठ वर्षं झाली की पर्यावरण कर. आठनंतर दरवर्षी पासिंग. पीयूसी संपली असेल तर दंड १० हजारांपर्यंत. हे सगळं मी भरतो. पण माल देणाऱ्यानं आजवर एकदा तरी विचारलं का, गाडी बीएस कितीची? तो विचारतो, "किती टन नेणार आणि किती कमी घेणार?" स्वच्छ गाडीला भाडं एक रुपया जास्त मिळत नाही. हवा सगळ्यांची आणि हप्ता एकट्याचा, हे मला पटत नाही.

होटगी रोडची रहिवासी

दादा, पूर्ण वाचलं. आता माझं वाचा.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत नेब्युलायझर उशाला असतो. घर रस्त्यालगत. खिडकीची काच दर दोन दिवसांनी पुसते. मातीची धूळ फडक्यावर करकरते. हे काळं मऊ असतं, चोळलं की बोटांना काजळीसारखं लागतं. ते तुमच्या जुन्या गाड्यांचं आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ सालीच पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच. हवा सुधारायच्या राष्ट्रीय यादीत सोलापूरचं नाव २०१९पासून आहे, ते काही कोणी हौसेनं घातलेलं नाही.

तुमचं बिल ५८ हजार एकदा आलं. माझं दर महिन्याला येतं, आणि त्याला कोणी भाडं देत नाही. मुलाला रात्री बसून श्वास घ्यायला लागतो तेव्हा "हप्ता एकट्याचा" हे वाक्य आठवून बघा.

जुना पंपवाला

ताई, एक गोष्ट इथं कोणाला आठवत नाही. २०१० साली दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर ज्या तेरा शहरांत बीएस-४ आलं त्यात सोलापूर होतं. बाकी देशाला ते २०१७ला मिळालं. सात वर्षं आपण पुढं होतो. उपयोग काय झाला? नॅशनल परमिटच्या गाड्या त्या नियमातून वगळल्या होत्या. म्हणजे शहरातली कार बीएस-४ची आणि तिच्यापुढं धूर सोडणारा ट्रक बीएस-३चा, तोही कायद्यानं. दादांची २०१४ची गाडी बीएस-३ कशी, त्याचं उत्तर हे आहे.

मी तेव्हा पंपावर होतो. शहरात ५० पीपीएम गंधकाचं डिझेल, हद्दीबाहेर ३५०चं. ट्रकवाले बाहेरच भरायचे. पुढंही कितीतरी वर्षं विजयपूर रोडनं जाणारा प्रत्येकजण झळकीला टाकी भरायचा, कर्नाटकात स्वस्त पडायचं म्हणून. आपल्या पंपवाल्यांचं कंबरडं त्यानं मोडलं. यावर कोणी धागा काढत नाही.

अक्कलकोट रोडचा मिस्त्री

बाराटायरी मालक, राग येऊ देऊ नका, पण दोष गाडीचा कमी आणि वापराचा जास्त आहे.

बीएस-६ला सायलेन्सरच्या जागी अख्खा कारखाना बसवलाय. आधी डीपीएफ, तो काजळी धरून ठेवतो आणि तापमान चढलं की जाळतो. मग डीईएफ फवारतात. त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. उष्णतेनं युरियाचा अमोनिया होतो, तो नॉक्सला धरतो आणि मागून नायट्रोजन आणि पाण्याची वाफ निघते. जड इंजिनला बीएस-४मध्ये नॉक्सची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६मध्ये ०.४. एका बीएस-४ गाडीच्या नॉक्समध्ये आठ बीएस-६ बसतात. ही साधी सुधारणा नाही.

पण गाडी यार्डात तासन्‌तास आयडलवर ठेवली, डीपीएफ जाळायला लागला की ड्रायव्हरनं चावी बंद केली, तर तो तुंबणारच. आणि माझ्याकडं येणाऱ्या दहा गाड्यांतल्या सहा-सात बॅरलच्या डीईएफनं मेलेल्या असतात. खताचा युरिया विहिरीच्या पाण्यात ढवळून विकतात. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा थर असतो, पाण्यात क्षार. नोजलला पांढरा खडा धरतो, कॅटॅलिस्ट, म्हणजे ज्यात नॉक्स मरतो तो भाग, कायमचा जातो. मग म्हणायचं सरकारनं मारलं.

मोहोळचा ऊसवाला

थांबा थांबा. तरीच! आम्ही पेरणीच्या वेळेला दुकानापुढं रांगा लावतो, २६६ रुपये ५० पैशांची ४५ किलोची गोणी मागतो, तर दुकानदार म्हणतो संपला. नाहीतर वर सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घेतली तरच युरिया. हे लिंकिंग किती वर्षं सोसतोय आम्ही. आणि आमचा युरिया ट्रकच्या टाकीत जातोय? सबसिडी शेतकऱ्याच्या नावावर आणि पितोय ट्रक!

एमएच-१३ बाराटायरी

ऊसवाले पाटील, युरियावर बोलायचा हक्क तुम्हाला आहे, धुरावर नाही. नोव्हेंबर ते मार्च टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत रस्त्यावर कोण असतं? तुमचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर. पन्नास एचपीखालचे तुमचे ट्रॅक्टर ट्रेम-३एवर पास झालेत, म्हणजे ट्रॅक्टरच्या धुराचे २०१०च्या आसपासचे निकष. ना डीपीएफ, ना डीईएफ. शेतीच्या नावाखाली पास झालेलं इंजिन चार-पाच महिने हायवेवर मालवाहतूक करतं आणि आरटीओ माझ्या गाडीच्या मागं नळी घालतो. नियम सगळ्यांना लावा, मग मी पहिला गाडी भंगारात घालतो.

पंढरपूर-सोलापूर अपडाऊन

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर धूर बाजूला ठेवा. दोन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ रात्री दुचाकीवरून येत होता. रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली, ना रिफ्लेक्टर, ना दगडावर ठेवलेला दिवा. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस त्याला दिसलाच नाही. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याची मुलगी आता चार वर्षांची आहे. रिफ्लेक्टरची पट्टी केवढ्याला येते सांगा कोणीतरी.

मोहोळचा ऊसवाला

भावाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना पट्ट्या आहेत, मी स्वतः लावल्यात.

पण सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना माजलेले म्हणू नका. तीन वर्षांपूर्वी मी ऊसतोड मुकादमाला साडेआठ लाख उचल दिली. टोळी आलीच नाही. फोन बंद. पोलिसांत गेलो, "दिवाणी प्रकरण आहे" म्हणाले. त्या हंगामात ट्रॅक्टरचा हप्ता भरायला बायकोचं गंठण गेलं. आमच्या भागात असे किती जण बुडालेत ते येऊन बघा. अशा वेळी माणूस एकेरीच्या जागी डबल ट्रॉली जोडतो, खेप वाचावी म्हणून. बरोबर नाही, पण का करतो ते तरी समजून घ्या.

पंढरपूर-सोलापूर अपडाऊन

का करतो ते समजलं. माझ्या वहिनीला तुम्ही समजावून सांगा.

तीस गाड्या

सगळेच रडताय म्हणून लिहितो. ट्रान्सपोर्ट हा धंदा आहे, धर्मादाय नाही. आमचं डाळिंब सांगोल्याहून दिल्लीला आझादपूर मंडईत जातं. १ नोव्हेंबर २०२५पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ मालगाडीला तिथं प्रवेश बंद आहे. बीएस-४ला सवलत ३१ ऑक्टोबर २०२६पर्यंत. आम्हाला वारा कळत होता, म्हणून जुन्या गाड्या आधीच विकल्या आणि बीएस-६ घेतल्या. डीईएफ सीलबंद घेतो, ड्रायव्हरला दोन दिवस शिकवलं. ॲव्हरेजही बरं मिळतं. ज्याला जमत नाही त्यानं गाडी विकून दुसऱ्याकडं स्टेअरिंग धरावं. एक-दोन गाड्यांचे दिवस संपले.

एमएच-१३ बाराटायरी

तुम्ही जुन्या गाड्या विकल्या, भंगारात नाही घातल्या. कोणी घेतल्या त्या? माझ्यासारख्यानंच घेतल्या. तुमचा धूर तुम्ही माझ्या नावावर केला आणि आता मला सांगताय स्टेअरिंग धर?

माझा बाप क्लीनर होता. वीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीत केबिनमध्ये झोपला, तेव्हा पहिली गाडी आमच्या नावावर झाली. "दिवस संपले" असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात. ई-ट्रकला केंद्राची मदत ९ लाख ६० हजारांपर्यंत आहे, ती सगळ्या देशात मिळून ५,६०० गाड्यांना, आणि तीही जुनी भंगारात घातल्याचं प्रमाणपत्र दाखवल्यावर. वरचे पैसे कोण देणार? ती तुमच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही.

तीस गाड्या

विकल्या, कबूल. भंगारात टाकायला मला परवडत नव्हतं. एवढंच बोलतो.

होटगी रोडची रहिवासी

बघा, तीस गाड्यावाल्यालाही परवडत नव्हतं. मग गाडी एकाकडून दुसऱ्याकडं जाते आणि माझ्या खिडकीसमोरूनच जाते. युरिया, ट्रॉली, झळकी, सगळं वाचलं. सगळ्यांचं दुःख खरं आहे आणि धूर कोणाचाच नाही.

मला एक विचारायचंय. बाराटायरी दादा, पीयूसी नसेल तर दंड होतो म्हणता, मग बीएस-६ गाडीतूनही कधीकधी डोळे चुरचुरतात ते का?

अक्कलकोट रोडचा मिस्त्री

ताई, ते मी सांगतो. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. डोळ्यांना झोंबणारा नॉक्स मोजतच नाहीत. त्यामुळं डीईएफची सिस्टीम बंद केलेली गाडी पीयूसीला आरामात पास होते. बाजारात एक डबी मिळते, वायरिंगमध्ये बसवली की कॉम्प्युटरला वाटतं डीईएफ फवारलं जातंय. टाकी रिकामी, दिवा नाही, गाडी पळते. दिसायला स्वच्छ, नॉक्स मात्र बीएस-४लाही लाजवेल असा. माझ्याकडंही लोक ती बसवायला येतात. मी बसवत नाही. शेजारी जाऊन बसवतात.

बाराटायरी मालक, चारचौघांत विचारतो. होस्पेटच्या बिलानंतर तुमच्या गाडीला पुन्हा दिवा लागला का?

एमएच-१३ बाराटायरी

नाही लागला.

बसवलीय मी डबी. फेब्रुवारीत. ९ हजारात. दर शंभर लिटर डिझेलला तीन-चार लिटर डीईएफ वाचतं, आणि वाटेत गाडी उभी राहायची भीती जाते. खोटं बोलणार नाही, त्या दिवसापासून मला झोप लागते. ताईंचं पहिलं उत्तर वाचून काल मात्र लागली नाही, तेही खरं.

पण माझं म्हणणं मी मागं घेत नाही. रस्त्यात सेन्सर गेला तर जवळपास दुरुस्ती नाही, भाडं वाढत नाही, आणि पकडायचं तर डबी विकणाऱ्याला पकडत नाहीत.

होटगी रोडची रहिवासी

मागं घेऊ नका. डबी काढा.

अक्कलकोट रोडचा मिस्त्री

काढायची असेल तर रविवारी सकाळी आणा, दुपारी गर्दी होते. टाकीतलं बॅरलचं डीईएफ असेल तर सगळं उपसून टाकावं लागेल, टाकी धुवावी लागेल. नोजल बघतो. कॅटॅलिस्ट गेला असेल तर खर्च मोठा आहे, आधीच सांगतो. मजुरी नंतर दिली तरी चालेल.

एमएच-१३ बाराटायरी

गाडी रविवारी हैदराबादहून येते. सिमेंट खाली करून अकरापर्यंत आणतो. कॅटॅलिस्टचं काय निघतं ते इथंच लिहा, सगळ्यांना वाचू द्या.

मोहोळचा ऊसवाला

मिस्त्री, ट्रॉलीला लावायच्या लाल पट्टीचा रोल तुमच्याकडं मिळतो का? आमच्या वस्तीवर अजून अकरा ट्रॉल्या आहेत बिनपट्टीच्या.