बॅटमॅन कुठून वाचायला द्यावा? भाच्यासाठी सल्ला हवा

रानवारा:
भाचा तेरा वर्षांचा, सिनेमे बघून आता बॅटमॅनची कॉमिक्स वाचायचीत म्हणतो. माझ्याकडे रद्दीवाल्याकडून आणलेले दोन-तीन जुने अंक आहेत, पण त्यातला बॅटमॅन हसरा, दिवसाढवळ्या रॉबिनला घेऊन फिरणारा. भाचा म्हणतो, मामा, हा तो नाहीच. काय देऊ?

पिंपळपान:
त्याला सांग, सुरुवातीला तर तो आणखीनच वेगळा होता. १९३९ ला आला, १९४० मध्ये त्याच्या नावाच्या पहिल्या अंकात विमानातून मशीनगन चालवतो, मग संपादकांनीच ठरवलं की हा जीव घेणार नाही. १९५४ ला कॉमिक्सने पोरं बिघडतात असा गदारोळ झाला, कडक नियम आले आणि परग्रहवासी वगैरे सुरू झाले. पण त्या काळाला नावं नको ठेवू. १९५७ च्या एका गोष्टीत तो रोज नव्या रंगाचा पोशाख घालतो, एकदा तर चक्क इंद्रधनुष्यी पट्ट्यांचा, का तर रॉबिनच्या हाताला लागलंय आणि लोकांनी त्या हाताकडे बघू नये. मला ती गोष्ट फार आवडते.

कंदील:
सगळे फ्रँक मिलरचं १९८६ चं 'डार्क नाइट रिटर्न्स' आधी द्या म्हणतील, पण नको. त्यातला ब्रूस, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, पंचावन्नचा, दहा वर्षं घरी बसलेला. तरुणपणीचा माहीत नसेल तर त्याचं ओझं पोराला कसं जाणवणार? खरं वळण त्याआधीचं आहे. १९६६ च्या टीव्ही मालिकेची लाट ओसरली, १९६९ च्या शेवटी रॉबिनला कॉलेजला पाठवलं, ब्रूसने वाड्याला कुलूप लावलं आणि मग लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्सनी त्याला परत रात्रीत आणलं. १९७३ चा, 'बॅटमॅन' मासिकाचा २५१ वा अंक दे. त्याचा शत्रू जोकर स्वतःच्या जुन्या साथीदारांना एकेक करून मारतोय, बॅटमॅन बेड्यांसकट शार्कच्या टाकीत, आणि शेवटी किनाऱ्यावरच्या तेलावरून जोकरच घसरतो! भीती आहे पण रक्तपात नाही, तेराव्या वर्षी अगदी बरोबर. मग 'इयर वन', त्याच्या पहिल्या वर्षाची गोष्ट, १९८७, चारच अंक.

रानवारा:
आणि ते जोकरचं 'किलिंग जोक'? तो हट्ट धरून बसलाय.

कंदील:
अजून तीन-चार वर्षं थांब. त्यात पोलिस आयुक्त गॉर्डनच्या मुलीसोबत, बार्बरासोबत, जे होतं ते या वयात नको. रविवारी २५१ दे, एका बैठकीत संपेल, मग तुझे रद्दीतले अंक परत त्याच्यासमोर ठेव.