लहान मुलांची शुगर माहेरावर, जातीवर जाते का?

नंदगडकडची आई

माझी मुलगी साडेसहा वर्षांची. गणपती झाल्यावर तीन आठवड्यांत पोर वाळून गेली. रात्री चार-चारदा पाणी मागायची, अंथरूण ओलं करायला लागली. परसात लघवीला बसायची तिथं मुंग्यांची रांग लागायची. मी ती बघितली, पण मला कळलं नाही, हे मनातून जात नाही. उलट्या सुरू झाल्यावर जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी धाप लागली, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. बेळगावात नेलं तेव्हा शुगर ४९०. आता दिवसाला चार इंजेक्शनं.

सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात नाही, तुझ्या माहेरचं आलं. भावकीतले म्हणतात, हे शहरातल्या गोड खाणाऱ्या पोरांचं. आमच्याकडं सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भात-आमटी, दुसरं काय? वॉर्डात शेजारच्या खाटांवर एक कन्नड बोलणारी मुलगी होती बैलहोंगलची, एक गोकाकचा मुसलमान मुलगा, एक लमाण्यांचं पोर. कुठल्या समाजात जास्त, कुठं कमी, असं खरंच असतं का? धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याला होईल का?

वॉर्डातली सिस्टर

ताई, मी बेळगावात मुलांच्या वॉर्डात १९ वर्षं नर्स आहे. आधी हे ऐका: तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, माहेराचाही दोष नाही. हा टाईप १ मधुमेह. रक्तातली साखर वापरायला लागणारं इन्सुलिन करणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मारून टाकते. साखर खाल्ल्यानं होत नाही. बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

जगात फरक आहे, आणि मोठा आहे. फिनलंडमध्ये दरवर्षी लाखामागे ५० हून जास्त मुलांना होतो, जपानात दोन-तीन. आपल्याकडं बेंगळूरच्या नोंदणीत लाखामागे चारच्या आसपास, हरियाणातल्या कर्नालला दहाच्या आसपास. रक्ताचा भाग आहेच. सार्डिनिया बेटावरची कुटुंबं इटलीत दुसरीकडं राहायला गेली तरी मुलांमधलं जास्त प्रमाण सुटलं नाही. पण इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला आपल्या उपखंडातून गेलेल्यांच्या मुलांत हे प्रमाण १९७८-८१ ला लाखामागे तीन होतं, ते १९८८-९० पर्यंत १२ च्या जवळ गेलं. दहा वर्षांत रक्त बदलत नाही, म्हणजे राहणीत, हवापाण्यातही काहीतरी आहे.

आपल्या भागाचं मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. मराठी, कन्नड, दख्खनी, लमाणी, सगळ्या घरांतली पोरं येतात आणि सगळ्यांचे आईबाप ‘शुगर’च म्हणतात. फरक दिसतो तो कोण किती उशिरा येतं यात. शहरातलं पोर तहान लागायला लागल्यावर आठ दिवसांत येतं. तांड्यावरचं, ऊसतोडीच्या पालावरचं पोर येतं ते बेशुद्ध. आणि जे पोचतच नाही ते ‘तापानं गेलं’ म्हणून गावात राहतं, कुठल्याच आकड्यात येत नाही. म्हणून ‘अमक्या समाजात नाही’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बोटातल्या एका थेंबाची तपासणी आहे ती, दोन मिनिटांची.

लठ्ठ, बारा-तेरा वर्षांचं पोर, मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा, आईवडिलांना शुगर, तो बहुधा टाईप २. तो मात्र घराण्यात जास्त चालतो, आणि आपल्या लोकांत कमी वयात येतो. भावकीतले दोन्हींची गल्लत करतायत.

धाकट्याला धोका इतर पोरांपेक्षा जास्त, तरी शंभरातल्या नव्वदहून जास्त भावंडांना होत नाही. तहान, लघवी वाढली, वजन उतरलं तर त्याच दिवशी तपासा.

निपाणीचा, २६ वर्षं इन्सुलिनवर

वैनी, मला नवव्या वर्षी झाला. तंबाखूच्या वखारीत आई कामाला, घरात फ्रिज नाही. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत, डबी पाण्याच्या माठात, अशी सहा वर्षं काढली.

एक गोष्ट आत्ताच्या आत्ता बघा. आपल्याकडं बाटली बहुतेक ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन, तिला लाल टोपणाची सिरिंज. पेनातली कार्ट्रिज १०० ची, आणि १०० च्या सिरिंजचं टोपण केशरी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन ओढलं तर अडीचपट अंगात जातं. दुकानदारानं एकदा मला बाटली बदलून दिली होती. मी चौकात पडलो, गुऱ्हाळातून येणाऱ्या एका मावशींनी तोंडात गूळ घातला म्हणून वाचलो. दप्तरात साखरेची पुडी कायम ठेवा. थरथर, घाम, उगाच रडारड दिसली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं.

आणि कुणी काढा दिला, मंतरलेलं पाणी दिलं, तर घ्या किंवा घेऊ नका, पण इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करायचं नाही. माझ्याबरोबर वॉर्डात असलेला संकेश्वरचा पोरगा त्यातच गेला.

नंदगडकडची आई

आत्ताच डबा उघडून बघितला. बाटलीवर ४०, टोपण लाल. धाकट्याची काल तपासून घेतली, जेवल्यावर १०४.

सिस्टर, पोर मराठी शाळेत आहे, पण दुपारचं जेवण वाढणाऱ्या बाई कन्नड बोलतात. साखरेच्या पुडीचं त्यांना कसं समजावू?

वॉर्डातली सिस्टर

चिठ्ठी दोन्ही भाषांत करा, एक वर्गात, एक स्वयंपाकघरात लावायला. १०४ चांगली आहे. कन्नडातली मी लिहून देते. पुढच्या तपासणीला याल तेव्हा वॉर्डात या, पोरीलाही घेऊन या.