६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, तिसऱ्या दिवशी मासा गेला. काय चुकलं?

नवखा_दर्यावर्दी
नमस्कार मंडळी. गप्पी-मोलीची गोड्या पाण्याची टाकी तीन वर्षं सांभाळतोय, त्यामुळे वाटलं आता समुद्री करून बघू. दोन फुटी टाकी घेतली, साधारण ६० लिटर, नळाच्या पाण्यात क्लोरीन काढायचं औषध आणि मरीन सॉल्ट घातलं, चार किलो लाइव्ह रॉक (जिवंत जीव-बॅक्टेरिया असलेला समुद्री दगड) ठेवला. दुकानदार म्हणाला ही बॅक्टेरियाची बाटली ओता आणि उद्याच मासा सोडा. सोडला एक डॅमसेल. दुसऱ्या दिवशी तो वर येऊन धापा टाकायला लागला, तिसऱ्या दिवशी गेला. पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं हो! आता क्लाउनफिशची जोडी आणि एक ब्लू टँग आणायचा विचार आहे पण हात धजत नाहीये. पाणी रोज लिटरभर उडतं, ते मी मिठाचंच पाणी बनवून भरतोय, हे बरोबर आहे ना?

खारट_काका
पहिलं उत्तर शेवटच्या प्रश्नाचं. नाही, अजिबात बरोबर नाही!! उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. तुमच्या ६० लिटरमध्ये आत्ता अंदाजे २१०० ग्रॅम मीठ आहे (लिटरला ३५ ग्रॅम धरून), रोज लिटरभर खारं पाणी ओतलंत की महिन्यात आणखी हजारभर ग्रॅम गेलं, म्हणजे खारटपणा दीडपट. त्यात कोण जगणार? काचेवर मार्करने रेघ मारा आणि पाणी रेघेखाली गेलं की साधं आरओचं पाणी भरा, रोज थोडं थोडं. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

आता मासा का गेला. बहुतेक अमोनिया. माशाची विष्ठा, उरलेलं खाणं, लाइव्ह रॉकवर प्रवासात मेलेले जीव, सगळ्यातून अमोनिया सुटतो आणि तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून स्वच्छ पाण्यावर जाऊ नका. एक जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि ही फौज दगडावर बसायला बऱ्याचदा चार ते सहा आठवडे लागतात. गोड्या पाण्यात पीएच कमी असला तर थोडा अमोनिया निभावतो, पण समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४, तिथे तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी असतो. तुमची तीन वर्षं इथेच फसली बघा. आणि धापा टाकणं म्हणजे कल्ले जळाल्याची खूण.

शिंपल्यातली
काकांशी सहमत. बाटली काही वेळा काम करते पण ते केलं की नाही हे टेस्ट किटच सांगणार, दुकानदार नाही :) मी बिनमाशाचं सायकल (म्हणजे मासा न घालता ही बॅक्टेरियाची फौज बसवणं) केलं होतं, अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) घालायचा आणि रोज मोजत बसायचं. ज्या दिवशी तेवढा घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य आलं त्या दिवशी टाकी तयार, मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचं आणि एकच मासा, एकच! मधे काचेवर तपकिरी थर येईल, घाबरू नका, तो जातो.

ब्लू टँग मात्र डोक्यातून काढा. तो एक फुटापर्यंत वाढतो आणि तुमची टाकी दोन फुटांची, त्याने वळायचं कुठे? क्लाउनची जोडी चालेल, एक लहान एक जरा मोठा घ्या. त्यांच्यात सगळे आधी नर असतात आणि मोठा असतो तो मादी होतो, त्यामुळे भांडण लवकर मिटतं. ॲनिमोन (क्लाउन ज्यात राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी) आत्ता नको, त्याशिवाय क्लाउन मजेत राहतात.

धीराचा_गळ
मी तर क्लाउन घालूनच सायकल केलं होतं, दोन्ही जगले. इतकं काय घाबरवताय नवीन माणसाला.

खारट_काका
जगले ते त्यांचं नशीब भाऊ. बॅक्टेरियाला खायला अमोनियाची बाटली मिळत असताना जिवंत मासा कशाला वापरायचा?

शिंपल्यातली
आणि क्वारंटाइन विसरू नका. साधी छोटी टाकी, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, बास. नवा मासा चार आठवडे तिथे. मी पहिल्या वेळी आळस केला, अंगावर मिठाचे दाणे सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले, दोन दिवसांनी गेले म्हणून मी खूश, आणि मग दुप्पट आले. तो परजीवी मासा सोडून तळाशी जातो आणि तिथे वाढून परत येतो. तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच घालू नका, कोळंबी-गोगलगायी मरतात आणि दगड तांबं धरून ठेवतो. आणि हो, वर जाळीचं झाकण! माझा फायरफिश टाकीमागे वाळलेला सापडला होता.

नवखा_दर्यावर्दी
किट आणलं. अमोनिया २ पीपीएम, नायट्राइट शून्यापेक्षा जरासं वर. खारटपणा (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२८ निघाला!! टाकीत आता मासा नाही तर घाई नाही ना? आणि रात्री दगडातून केसाळ गोमेसारखं काहीतरी बाहेर आलं होतं, ते काय?

खारट_काका
नायट्राइट दिसतंय म्हणजे पहिली फौज कामाला लागलीय. थोडं पाणी काढून आरओचं घाला, १.०२५ वर आणा, मोजायचं यंत्र आधी एकदा ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर तपासून घ्या. ती गोम म्हणजे ब्रिसल वर्म, फुकटचा सफाई कामगार आहे, राहू द्या. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस टोचले की दोन दिवस बोटं चुरचुरतात.