महागडे ऑडिओफाइल रीइश्यू (जुन्या अल्बमच्या, चांगल्या आवाजासाठी नव्यानं काढलेल्या रेकॉर्डी) घ्यावेत का?

सराफ्यातला_बेस
नमस्कार मंडळी, इंदूरहून. पुतण्या दिवाळीला अमेरिकेहून येऊन राहिलाय, काका काय आणू म्हणतो. मनात दोन रेकॉर्डी आहेत, स्टीली डॅन बँडचा आजा अल्बम, यूएचक्यूआरवाला (डब्यातली खास महागडी आवृत्ती), नाहीतर डायर स्ट्रेट्सचा ब्रदर्स इन आर्म्स, मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू कंपनीचा ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेऱ्यांचा). पहिला दीडशे डॉलरचा, म्हणजे बारा-तेरा हजार, घरात हा आकडा अजून कुणाला सांगितलेला नाही. टर्नटेबल ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्स, सुई सोबत आलेली तीच. बाकी कलेक्शन म्हणजे काकांचे जुने एचएमव्ही, कलकत्त्याच्या डमडम कारखान्यातले. खरंच फरक पडतो की नुसतं डब्याचं कौतुक?

महूचा_मेटलहेड
डब्याचं. २०२२ चं मोबाइल फिडेलिटीचं लफडं आठवतंय ना? लोक वर्षानुवर्षं "शुद्ध अ‍ॅनालॉगची ऊबच वेगळी" म्हणून माना डोलवत होते आणि मग कळलं की मूळ टेप आणि रेकॉर्डीच्या मध्ये डीएसडी ही डिजिटल स्टेप होती. मायकल जॅक्सनच्या थ्रिलरच्या ४० हजार कॉपी काढतोय म्हणाले तेव्हा लोकांना शंका आली, की तेवढ्या रेकॉर्डी काढायला एवढ्यांदा मूळ टेप कोण चालवू देणार. कोर्टकचेरी झाली. पण त्याआधी एकाही सोनेरी कानवाल्याला ते ऐकून ओळखता आलं नव्हतं, हे जास्त मजेदार.

काळी_तबकडी
मेटलहेड भाऊ, त्यातून उलटंच सिद्ध होतं ना, की डिजिटल स्टेप असूनही रेकॉर्डी छान वाजत होत्या 😀 खोटं बोलले ते वाईटच, पण आवाज ठरतो मास्टरिंग (रेकॉर्ड काढण्याआधी आवाजाची शेवटची जुळणी) कुणी केलं आणि कोणत्या टेपवरून केलं त्यावर, व्हायनल १८० ग्रॅमचं की २०० चं यावर नाही.

बेस, तुझ्या दोन्हींचं वेगवेगळं सांगतो. आजा १९७७ चा, तेव्हाही मास्टरिंग बर्नी ग्रंडमन या इंजिनिअरचं आणि यूएचक्यूआरचंही त्याचंच. पण रेकॉर्ड कंपनीनं साधी ३३ फेऱ्यांची आवृत्तीही काढली, ती त्याच नव्या मास्टरच्या हाय-रेझोल्यूशन डिजिटल फाइलींवरून कोरलेली आणि किंमत कितीतरी कमी. शिवाय यूएचक्यूआर ४५ चा, त्यावर चाळीस मिनिटांचा अल्बम चार बाजूंवर जातो, म्हणजे बूड टेकलं की दहा मिनिटांत उठा. मी तरी साधीच घेईन.

ब्रदर्स इन आर्म्स तर रेकॉर्डच डिजिटल टेपवर झालाय, त्यामुळे तिथे अ‍ॅनालॉगचा हट्ट म्हणजे दुधाची तहान ताकावर पण नाही, ताकच नाही. तरी तो डबल एलपी घेण्यासारखा आहे हां, कारण वेगळं. १९८५ च्या सिंगल एलपीवर जागा नव्हती म्हणून गाणी कापलेली होती, सीडीवर पूर्ण होती. दोन तबकड्यांवर ती पूर्ण लांबीची मिळतात. आता त्याचेही साधे डबल एलपी निघालेत, ते बघ.

सराफ्यातला_बेस
हे कापाकापीचं माहीतच नव्हतं यार. मग बारा हजार वाचले तर त्याचं काय करू?

रामबाग_३३
सुई बदल!! कुणी बोलेचना म्हणून लिहितोय. तुझ्या कार्ट्रिजवर (सुई बसते तो भाग), व्हीएम९५ई असेल, त्याच बॉडीत मायक्रोलाइनची, म्हणजे जास्त बारीक टोकाची सुई नुसती सरकवून बसते, स्क्रूड्रायव्हरसुद्धा नको. बाजूच्या शेवटच्या गाण्यात "स" फिसफिसतो ना, आतल्या खोबणीत, तो पुष्कळ कमी होईल, आणि काकांच्या सगळ्या एचएमव्हीवर पण, एकाच डब्यावर नाही. तुझं टर्नटेबल आहे तसं ठेवून यूएचक्यूआर वाजवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि जे काय आणशील ते पुतण्याच्या हँडबॅगेतूनच, कुरिअर नको. मागच्या मे मध्ये एकानं मागवलेली तबकडी आली ती पापडासारखी, कुणी भरून देत नाही, ड्यूटी भरली ती वेगळीच.

काळी_तबकडी
रामबागला +१. सुई बसवल्यावर तिचं रेकॉर्डवर पडणारं वजन दोन ग्रॅम आहे का तपास, छोटा डिजिटल काटा घे, टोनआर्मवरच्या (सुईच्या दांडीवरच्या) आकड्यांवर भरवसा ठेवू नको.