आईच्या तळपायावरचा तीळ वाढलाय. काढावा का?

दांडियाबाजारची लेक:
नमस्कार. आई ६४ वर्षांची. तिच्या उजव्या तळपायावर, टाचेच्या जरा पुढे, एक तीळ आहे. मला आठवतो तेव्हापासून मसुराएवढा, तपकिरी. यंदा गौरींच्या दिवशी पाय पुसताना दिसला तर एका बाजूने काळा पसरलेला, कड वेडीवाकडी. मोजपट्टी लावली, ८ मिलिमीटर. दुखत नाही, म्हणून ती मनावर घेत नाही. म्हणते, "तळपायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग गं." शेजारच्या मावशी चुना आणि पापडखार लावायला सांगतात. एका ब्युटी क्लिनिकने लेझरने १० मिनिटांत घालवतो म्हटलं. काय करू? आणि काढला तर किती दिवस चालता येत नाही? नवरात्रात ती नऊ दिवस अनवाणी असते, तिला तीच काळजी.

मकरपुरा_जुना:
चुना लावू नका. माझ्या काकूंनी गालावरच्या मसावर लावला होता. मस गेला, खड्डा आयुष्यभर राहिला. आणि इथे तर रंग बदललाय.

मांजलपूरकर:
ताई, लेझरही नको. लेझरने तीळ जळून जातो, तपासायला काही उरत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत तपासणं जास्त महत्त्वाचं आहे.

मी प्रतापनगरला रेल्वेत होतो, दिवसभर जाड बूट. डाव्या तळपायावरचा असाच डाग मी तीन वर्षं बुटाचा घट्टा समजत होतो. एक दिवस मोजा रक्ताने चिकटला, तेव्हा मुलगी मला चामडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी डर्मोस्कोप लावला, म्हणजे दिवा असलेलं भिंग, आणि फोटो दाखवून समजावलं. तळपायाच्या कातडीवर शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या रेषा असतात. रंग सरीत बसलेला असेल तर बहुधा साधा तीळ, वरंब्यावर चढला असेल तर संशय. माझा दोन्हीकडे होता. आपल्या सावळ्या कातडीत मेलानोमा, म्हणजे काळ्या डागासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर, कमी होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

तळपायात भुलीचं इंजेक्शन फार दुखतं, आईंना आधीच सांगून ठेवा. नंतर फक्त ओढल्यासारखं वाटतं. भोवतीची २ मिलिमीटर चांगली कातडी धरून अख्खा तीळ काढला आणि तपासणीला पाठवायला फॉर्मलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या, डबीत टाकला. डबीवर माझं नाव आणि 'डावा तळपाय' लिहिलंय का, ते मुलीने स्वतः वाचून घेतलं. तुम्हीही वाचा.

रिपोर्टला ८ दिवस लागले. घरात कुणाला बोललो नाही, इथे लिहितो: रोज रात्री सगळे झोपले की मी पेन्शनचे कागद काढून बसायचो, बायकोला सापडतील असे लावून ठेवायचो. रिपोर्ट आला 'डिस्प्लास्टिक नेव्हस', पेशी थोड्या बिघडलेल्या, पण कॅन्सर नाही, कडा मोकळ्या, म्हणजे काठावर बिघडलेल्या पेशी नाहीत.

टाके १६ दिवसांनी काढले. चेहऱ्याचे आठवडाभरात निघतात, तळपायावर भार येतो म्हणून उशीर. तोवर मी काठी घेऊन, तो पाय न टेकता घरातल्या घरात. बसलो की पाय उशीवर. दोन दिवसांनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे साबणाच्या पाण्याने हलकं धुऊन व्हॅसलीन, वर पट्टी. बायको हळद भरायला निघाली होती, ते करू नका. आता दीड वर्ष झालं, पांढरी रेघ उरली आहे, थंडीत जरा ओढते.

अनवाणी यंदा नको. आणि नवरात्र होऊ दे मग बघू, असंही नको.

रावपुरा_७०:
आपल्या बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलच्या चामडी विभागातही दाखवता येईल. आजच मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. आईंना साखर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

दांडियाबाजारची लेक:
काका, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पेन्शनच्या कागदांपाशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "सोमवारचा नंबर लाव."

दांडियाबाजारची लेक (९ दिवसांनी):
काल काढला. डॉक्टरांनी भिंगातून बघितल्यावर थांबायला नको म्हटलं. इंजेक्शनच्या वेळी आईने माझा हात इतका आवळला की बांगडी पिचकली. काका, डबीवर 'डावा' लिहिलं होतं. मी वाचलं म्हणून कळलं, लगेच बदलून घेतलं. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी. आई पलंगावर आहे, पाय उशीवर. देवीला सांगून झालंय म्हणे, यंदा घट घरात बसतील आणि ती खुर्चीत बसून आरती करेल.